रुंकुच्या स्विचवर न टाकलेली ओळ

पुरवणी जबाब
दिनांक २७ नोव्हेंबर २०१९, सकाळी १० वाजून १५ मिनिटे
जिल्हा पोलीस ठाणे, तर्गुशोर

माझे नाव ऑक्टाव्हियान हालुंगा, वय ५१ वर्षे, राहणार तेइलोर रस्ता, ब्लॉक सी-४, जिना बी, चौथा मजला, फ्लॅट १९, तर्गुशोर. धंदा नोकरी, पद वरिष्ठ तंत्रज्ञ. मागच्या जबाबात माझ्या नावापुढे इंजिनिअर असे लिहिले गेले, ते काढावे. मी इंजिनिअर नाही. शिक्षण लेथ मशीनच्या शाळेत दोन वर्षे. बेअरिंगचा कारखाना बंद झाल्यावर १९९९ पासून इमारतींच्या गच्च्यांवरून केबली ओढून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे संगणक एकमेकांना जोडले. पुढे ती जाळी एका कंपनीने विकत घेतली आणि जाळ्यांबरोबर मलाही घेतले. स्विचचे जे काही मला येते ते मी स्वतः शिकलो आहे.

मी आपण होऊन ठाण्यात हजर झालो असून तपास अधिकारी श्रीमती मिरेला तोदिराश यांच्यासमोर सांगतो की, दिनांक २१ नोव्हेंबर रोजी मी याच टेबलावर दिलेल्या जबाबातील दोन गोष्टी खोट्या आहेत. त्या कोणत्या, हे पुढे ज्या त्या जागी सांगतो.

रुंकु हे डोंगरातले गाव इथून ७४ किलोमीटरवर आहे. तिथे छोटे रुग्णालय आहे. त्यात मेंदूचे चित्र काढणारे स्कॅन मशीन आहे, पण ते चित्र वाचणारा डॉक्टर नाही. चित्र आमच्या तारेवरून जिल्हा रुग्णालयात येते, इथला डॉक्टर ते बघतो आणि औषध द्यायचे की नाही ते फोनवर सांगतो. मेंदूत गुठळी असेल तर ते औषध द्यायचे असते. रक्तस्राव असेल तर तेच औषध माणूस मारते. म्हणून चित्र बघितल्याशिवाय देत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "हालुंगा, तारेचं थोडक्यात सांगा. मला सरकारी वकिलांना समजावून सांगायचंय."

मी म्हणालो, "थोडक्यात सांगितल्यामुळेच मागच्या वेळी खोटं खपलं. सगळं लिहा."

तर ते असे. तारेवरून माहिती लहान लहान तुकड्यांनी जाते, त्या तुकड्यांना आम्ही पाकिटे म्हणतो. रुग्णालयातून निघणाऱ्या प्रत्येक पाकिटावर रुग्णालयाचा स्वतःचा टॅग असतो. टॅग म्हणजे शिक्का समजावा. फोनच्या बोलण्याला १०, कारकुनांच्या संगणकांना २०, स्कॅनच्या चित्रांना ३०. आमची तार एकच आहे आणि तिच्यावरून रुग्णालय, बँक, शाळा, नगरपालिका सगळ्यांचा माल जातो. बँकेचाही १० असू शकतो, शाळेचाही. मिसळू नये म्हणून आम्ही गिऱ्हाइकाचा शिक्का न पुसता, पाकीट न उघडता, त्यावर आमचा दुसरा शिक्का मारतो. रुंकु रुग्णालयाचा आमचा शिक्का ६१७. तर्गुशोरला पोचल्यावर वरचा शिक्का काढायचा, आतला होता तसा ठेवायचा आणि पाकीट हवाली करायचे. आमच्या धंद्याची सगळी इभ्रत यात आहे की गिऱ्हाइकाला आमचा शिक्का कधी दिसत नाही.

एक शिक्का चार बाइटचा. मोठ्यात मोठे पाकीट बिनशिक्क्याचे १५१८ बाइट, एका शिक्क्यासह १५२२, दोन शिक्क्यांसह १५२६. स्विच म्हणजे ही पाकिटे पुढे धाडणारे यंत्र. तार जिथे खुपसतात त्या त्याच्या प्रत्येक तोंडाला पाकिटाच्या आकाराची मर्यादा असते. पाकीट त्याहून मोठे आले तर स्विच ते टाकून देतो. कुणाला कळवत नाही, घंटा वाजवत नाही. आतल्या आत एक आकडा वाढतो, तो ज्याला बघायचा त्याने जाऊन बघायचा.

हे दोन शिक्क्यांचे काम करण्यासाठी कंपनीत एक कागद आहे. सगळे त्याला "तावीचा कागद" म्हणतात, कारण तो मी केला. माझे नाव ऑक्टाव्हियान, कामावर सगळे नेआ तावी, म्हणजे तावीदादा, म्हणतात. कागदावर स्विचला द्यायच्या हुकमांच्या नऊ ओळी आहेत. खाली "तयार करणार ओ. हालुंगा, १४ मार्च २०११". नियम असा की स्विचवर त्या नऊ ओळी क्रमाने टाकायच्या, एकही गाळायची नाही, एकही घालायची नाही आणि झाल्यावर कागदाच्या खाली सही करून तो फाइलला लावायचा. नियम मी उगाच केलेला नाही. आधी एकाने स्वतःच्या मनाची एक ओळ घातली होती आणि तीन गावे अकरा तास बंद पडली होती. त्यानंतर आठ वर्षांत या कागदावर केलेल्या १४२ कामांत एकही चूक निघाली नव्हती. हा आकडा मी कामांच्या वहीवरून मोजलेला आहे.

२०११ सालच्या स्विचची मर्यादा कारखान्यातूनच मोठी असायची. म्हणून मर्यादेची ओळ कागदावर नव्हती. तिची गरज नव्हती.

दिनांक १७ नोव्हेंबर, रविवार. रुंकुच्या स्विचचा पंखा बिघडल्यामुळे तो काढून नवा बसवायचा होता. वेळ सकाळी ७ ते ९ ठरवली, कारण तेव्हा गाव चर्चमध्ये असते. कामाला इंजिनिअर इलिंका द्रागोएस्कु, वय ३४, एकट्या गेल्या. मी घरून फोनवर ड्युटीला होतो. नवा स्विच त्याच कारखान्याचा, पुढचा नमुना.

मागच्या जबाबात मी सांगितले की ७.४१ ला त्यांचा फोन आला आणि त्यांनी "किती वेळ उरला" एवढेच विचारले. ही पहिली खोटी गोष्ट. बोलणे असे झाले, शब्दाला शब्द.

त्या म्हणाल्या, "नेआ तावी, हा नवा स्विच मर्यादा १५२२ दाखवतोय. दोन टॅग धरले तर १५२६ होतात. तर्गुशोरकडच्या तोंडावर एक ओळ वाढवू का?"

मी म्हणालो, "इंजिनिअरबाई, कागदावर ओळी किती आहेत?"

"नऊ."

"मग नऊच टाका. दहाव्या ओळीला डिप्लोमा लागतो, तो माझ्याकडे नाही."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही एकदा या नमुन्याचं पुस्तक उघडून बघाल का? मी थांबते."

"बाई, तुम्ही पुस्तकं वाचत होता तेव्हा मी गच्चीवर बर्फात केबल ओढत होतो. पिंग करून बघा, जातोय का?"

"जातोय."

"मग झालं की. सही करा आणि या घरी. रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश."

त्या "बरं" म्हणाल्या. फोन दोन मिनिटे दहा सेकंद चालला. माझ्या फोनमधली नोंद मॅडमना दाखवली आहे.

पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ येते का बघायचे. साधा पिंग लहानसा असतो. त्याच्यावर दोन काय, दहा शिक्के मारले तरी तो १५२२ च्या आत बसतो. हे मला त्या दिवशीही माहीत होते. मॅडमनी विचारले, माहीत होते तर मोठा का केला नाही. कारण मला तो करायची कधी गरज पडली नव्हती.

सकाळी १०.३० च्या सुमारास तोआदेर लुपाश्कु, वय ५७, धंदा बर्फ काढणाऱ्या गाडीचा चालक, राहणार रुंकु, हे चर्चच्या पायऱ्यांवर कोसळले. वेळ रुंकु रुग्णालयाच्या डॉक्टर सान्दा बोगझा यांच्या कागदांतून घेतली आहे. ११.२० ला त्यांना रुग्णालयात आणले. ११.३८ ला चित्र निघाले. डॉक्टरांनी ते पाठवायला लावले. मशीनवर "जोडले गेले" असे आले आणि पुढे शून्य टक्क्यावर थांबले. याचे कारण असे की दोन यंत्रांचे एकमेकांना नमस्कार करणे लहान पाकिटांत होते, ते पोचले. चित्र मोठ्या पाकिटांत जाते, त्यातले एकही पोचले नाही. टेलिफोनचे बोलणेही लहान पाकिटांत जाते. म्हणून डॉक्टर मला व्यवस्थित फोन करू शकल्या.

त्यांचा पहिला फोन ११.४६ ला आला. नाताळआधीच्या उपासाचे दिवस असल्यामुळे मी घेवड्याची भाजी आणि मुरलेली कोबी घेऊन बसलो होतो. ताटाशेजारीच संगणक होता. मी पिंग केला. शंभरपैकी शंभर आले.

मी म्हणालो, "डॉक्टर, तार काचेसारखी स्वच्छ आहे. तुमच्या मशीनकडे बघा."

त्या म्हणाल्या, "मशीन काल चालत होतं हो!"

"काल चालत होतं म्हणजे आज चालतंय असं नाही. बंद करून चालू करा."

ते मशीन चालू व्हायला अठरा मिनिटे लागतात हे मला नंतर कळले. तो फोन ठेवून मी जेवण पूर्ण केले.

दुसरा फोन १२.३१ ला. डॉक्टर ओरडत होत्या. "माझ्यासमोर माणूस आहे, तासाभरापूर्वी बोलत होता, आता डोळे वळवतोय! तुमची तार स्वच्छ असेल तर माझं चित्र कुठंय?" मी पुन्हा पिंग केला. पुन्हा शंभर. मी त्यांना म्हणालो की आरडाओरडा केल्याने तार वेगळी होत नाही. हे वाक्य मी बोललो आहे. डॉक्टरांनी त्यांच्या जबाबात ते दिलेले नाही असे मॅडम म्हणतात. तरी लिहावे.

१२.४० ला डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढून फोनवरून पाठवला. इथल्या तज्ज्ञांनी तेवढ्यावर औषध द्यायला नकार दिला. १२.५० ला रुग्णाला रुग्णवाहिकेत घालून घाटाने इकडे पाठवले.

१.०५ ला इलिंका द्रागोएस्कु यांचा फोन आला. त्या वाटेतल्या गावांतली दुसरी कामे उरकून परतताना पेट्रोलपंपावर थांबल्या होत्या. सकाळी रुग्णालयात त्यांनी आपले कार्ड ठेवले होते, त्यावरून डॉक्टरांनी त्यांना गाठले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "नेआ तावी, पंधराशेचा पिंग करा." मी केला. शंभरपैकी एकही आला नाही. मी म्हणालो, "थांबा, परत करतो." त्या म्हणाल्या, "परत करू नका. आकडा बघा." मी स्विचच्या आतला आकडा बघितला. टाकून दिलेली मोठी पाकिटे ४१,३८६. मी बघत असताना तो वाढत होता.

१.१७ ला मी माझ्या नावाने स्विचमध्ये शिरून दहावी ओळ टाकली: तर्गुशोरकडच्या तोंडावर मर्यादा १६००. टाकायला अकरा सेकंद लागले. १.२२ पर्यंत सगळी चित्रे इथे पोचली. १.२५ ला तज्ज्ञांनी सांगितले की गुठळी आहे, रक्तस्राव नाही, औषध द्या. रुग्णवाहिका तेव्हा घाटाच्या माथ्यावर होती आणि तिच्यात ते औषध नव्हते. तोआदेर लुपाश्कु २.१० ला वाटेत वारले. औषध वेळेवर मिळाले असते तर ते वाचले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही. ते डॉक्टरांनी सांगावे. चित्र ११.४३ पर्यंत पोचले असते, एवढे मी सांगू शकतो.

दुसरी खोटी गोष्ट. मागच्या जबाबात मी सांगितले की कागदावर पहिल्यापासून दहा ओळी आहेत आणि इंजिनिअर द्रागोएस्कु यांनी शेवटची गाळली. कंपनीच्या अहवालातही तसेच आहे आणि त्यावरूनच त्यांच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा लागतो आहे. हे खरे नाही.

सोमवार दिनांक १८ रोजी सकाळी ६.५० ला मी सगळ्यांच्या आधी कार्यालयात गेलो. नव्या स्विचसाठी दहावी ओळ हवीच होती, दुसऱ्या कुणाकडून असे होऊ नये, म्हणून दहा ओळींचा कागद छापला. इथपर्यंत ठीक होते. पण तारीख मी १४ मार्च २०११ हीच ठेवली. मग फाइलमधले बिनसहीचे नऊ ओळींचे कागद आणि दोन्ही गाड्यांतल्या प्रती काढून नव्या लावल्या. आधीच्या कामांचे सही केलेले कागद दर महिन्याला बुखारेस्टच्या गोदामात जातात, ते कुणी उघडून बघितले नाहीत. रुंकुच्या कामाचा, इंजिनिअर द्रागोएस्कु यांच्या सहीचा नऊ ओळींचा कागद त्यांनी आदल्या संध्याकाळी फाइलला लावला होता. तो मी काढला आणि घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घालून घरी नेला.

मॅडमनी विचारले, "तारीख का बदलली नाहीत?"

 मी सांगितले की नवी तारीख घातली असती तर जुन्या कागदात कमी होती असे दिसले असते.

"आणि जुना कागद नेलात तेव्हा काय होईल हे कळत होतं?"

कळत होते.

मंगळवार दिनांक १९ रोजी संचालक सोरिन पाल्तिनेआनु यांनी मला बोलावले. आम्ही वीस वर्षांपूर्वी एकाच गच्चीवर काम केलेले आहे. ते म्हणाले, "तावी, ती म्हणतेय तिने तुला फोनवर विचारलं होतं."

मी म्हणालो, "ती काहीही म्हणेल."

 ते म्हणाले, "हे बघ. ती शिकलेली आहे. सहा महिने गप्प बसेल, मग बुखारेस्टला कुणीतरी घेईल. तुला कोण घेईल? भिंतीवर काय टांगणार तू, लेथचं सर्टिफिकेट?" मी कागद बदलला हे त्यांना माहीत होते की नाही, मला ठाऊक नाही. मी सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही.

गुरुवार दिनांक २१ ला मी इथे जबाब दिला. बाहेर पडताना बाकावर इंजिनिअर द्रागोएस्कु बसल्या होत्या, त्यांची पाळी पुढची होती. त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नेआ तावी, फाइलला आता दहा ओळींचे कागद लागलेत आणि माझ्या सहीचा कागद तिथं नाही. माझ्या कागदावर मी खाली पेन्सिलीने लिहिलं होतं." मी म्हणालो, "इथं बोलायचं नसतं, बाई." आणि जिना उतरलो.

सोमवार दिनांक २५ ला लुपाश्कु यांचा नववा दिवस होता. मी बसने रुंकुला गेलो. का गेलो याचे कारण मॅडमनी विचारले. काम नव्हते, एवढे खरे. चर्चमध्ये मी मागे उभा राहिलो. प्रार्थना झाल्यावर मयताची पत्नी व्हिओरिका लुपाश्कु सगळ्यांना शिजवलेल्या गव्हाचा गोड प्रसाद वाटत होत्या. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी विचारले, "तुम्ही कुणाकडचे, भाऊ?"

मी म्हणालो, "तर्गुशोरहून आलोय. तारेच्या कंपनीत असतो."

त्यांनी माझ्या हातात वाटी दिली. म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलात, देव तुमचं भलं करो. तुमच्यातलीच ना ती? शिकलेली, एक ओळ विसरली म्हणे. पेपरात आलंय."  त्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "पाद्रीबाबांना सांगू नका. मी तिच्या नावानं मेणबत्ती उलटी लावलीय. तिच्या घरात उजेड राहू नये म्हणून. पाप आहे, माहितीय मला. पण लावलीय."

आमच्याकडे उलटी मेणबत्ती कशासाठी लावतात हे मॅडमना सांगावे लागले नाही.

वाटी मी परत केली नाही. प्रसाद उभ्या उभ्या खाल्ला, सगळा. व्हिओरिकाबाईंना मी काहीही सांगितले नाही. बसला दीड तास होता, तरी सांगितले नाही.

काल, दिनांक २६ रोजी संध्याकाळी ६ वाजता मी इंजिनिअर द्रागोएस्कु यांच्या घरी गेलो. त्यांनी दार अर्धेच उघडले. मी म्हणालो, "उद्या ठाण्यात जातोय. तुमचा कागद माझ्याकडे आहे."

त्या म्हणाल्या, "जाळला नाहीत?"

"नाही."

"का?"

मी म्हणालो, "तुमचं काम त्यावर बरोबर केलेलं आहे. नऊच्या नऊ ओळी जशाच्या तशा. असा कागद मी जाळत नाही."

त्यांनी विचारले, "आणि माझा प्रश्न? तो बरोबर होता का नव्हता?"

"बरोबर होता."

त्या म्हणाल्या, "हे मला नका सांगू. ज्या बाईचा नवरा गेला तिला सांगा. नावानिशी सांगा." आणि दार लावले. त्यांनी मला शिवी दिली नाही, हे लिहावे.

तो कागद मी आज हजर करीत आहे. एक पान, मधोमध दोन घड्या, वर शीर्षक, नऊ ओळी, खाली माझी छापील तारीख, त्याखाली निळ्या शाईत सही "इ. द्रागोएस्कु, १७.११.२०१९, ७.५२" आणि त्याखाली पेन्सिलीने एक ओळ: "मर्यादा १५२२, हवी १५२६. ने. ता. म्हणाले नको. ७.४३." ही ओळ त्यांच्याच हातची आहे, मी ओळखतो. घरी खोडरबर होता. दोनदा हातात घेतला. ओळ कुठेही पुसट केलेली नाही, मॅडमनी खिडकीपाशी धरून बघितली आहे. कार्यालयातला दहा ओळींचा कागद १८ नोव्हेंबरला सकाळी ७.०४ ला छापला, ही नोंद आमच्या प्रिंटरच्या आत सापडेल. ती कशी काढायची हे मी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे, कारण कंपनीतले दुसरे कुणी ती काढून देईल याची मला खात्री नाही.

खोटा जबाब देणे आणि पुराव्याचा कागद लपवणे यांबद्दल माझ्यावर वेगळा गुन्हा लागेल, हे मॅडमनी मला समजावून सांगितले आहे. वकील हवा का विचारले. आज नको म्हणालो. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही, कुणी कसले आमिष दाखवलेले नाही, मी दारू प्यायलेलो नाही.

एक विनंती केली. व्हिओरिका लुपाश्कु यांना माझे नाव आणि मी काय केले ते ठाण्यातून कळवू नये, मी स्वतः आजच दुपारच्या दोनच्या बसने जाऊन सांगणार आहे. मॅडम म्हणाल्या, "त्या दारात उभं करणार नाहीत तुम्हाला." मी म्हणालो, दारात उभे केले नाही तर फाटकापाशी सांगीन.

हा जबाब माझ्यासमोर टंकून मला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना एके ठिकाणी "दोघांच्या गैरसमजातून चूक घडली" असे वाक्य आले. मी तसे म्हटलेले नव्हते. मॅडम म्हणाल्या की तसे राहिले तर मला थोडे बरे पडेल. मी ते खोडायला सांगितले आणि त्या जागी माझ्या हाताने "चूक माझी" असे लिहून बाजूला सही केली. त्या एका दुरुस्तीखेरीज मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही
ऑ. हालुंगा

समक्ष
मि. तोदिराश, तपास अधिकारी
दुपारी १२ वाजून ५ मिनिटे